जात बदलली तरी मक्यावर दर साली करपा का येतोय?

ऑगस्ट लागला की फोनवर तेच फोटो यायला लागतात. मक्याचं पान, त्यावर बोटभर लांब राखाडी डाग, आणि खाली मजकूर साधारण असा की गेल्या साली एका कंपनीचा केला होता तो करपला, म्हणून यंदा दुसऱ्या कंपनीचा आणला, दुकानदार म्हणाला होता हा करप्याला तगडा आहे, तरी बघा काय झालंय, आता काय मारू. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडून येतात, कागलकडून येतात, गडहिंग्लजकडून तर हमखास, आणि पलीकडं निपाणी-चिकोडीच्या पाव्हण्यांचं पण तेच.

काय मारू ते खाली सांगतो, पण ज्या रानात दर साली करपा येतोय तिथं औषधाचा नंबर शेवटचा लागतो. जात बदलून पण रोग तसाच राहिला तर पिशवीवर 'रोगास प्रतिकारक' असं जे छापलेलं असतंय त्याचा तुमच्या रानातल्या भानगडीशी संबंधच नसण्याची शक्यता जास्त. कुठल्या रोगाला प्रतिकारक, किती प्रतिकारक, आणि तो रोग तुमच्याकडं येतोय कुठनं, हे तीन धागे सुटे केल्याशिवाय पुढच्या साली परत पिशवी बदलण्यात अर्थ नाही. जरा लांबलंय, पण सवडीनं वाचा.

आधी हा करपाच आहे का

आपल्याकडं पानावर काहीही दिसलं की करपा. तिथंच घोळ होतो, कारण जात एका रोगाला दगडासारखी असेल आणि दुसऱ्याला साफ कच्ची असेल, असं सर्रास असतंय.

पावसाळ्यात आपल्या पट्ट्यात जो खरा दणका देतो तो टर्सिकम करपा. एक्सेरोहिलम टर्सिकम नावाची बुरशी. डाग पानाच्या लांबीला धरून, दोन्ही टोकं निमुळती, मधे फुगलेला, लांबी अडीच सेंटिमीटरपासून पार १५ सेंटिमीटरपर्यंत. सुरवातीला हिरवट राखाडी, पाण्यानं भिजल्यागत, मग वाळक्या गवताच्या रंगाचा. बुडाच्या पानांवर सुरू होतो आणि वर चढतो. ह्याला १८ ते २७ अंश तापमान आणि तासन्‌तास ओलं पान लागतंय, आणि कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला झड लागली की दुसरं असतंय काय, आठ आठ दिवस ऊन दिसत नाही, पान वाळायची संधीच नाही. बुरशी पानात शिरल्यापासून डाग दिसायला एक ते दोन आठवडे जातात, म्हणजे आज जो डाग बघताय तो मागच्या पंधरवड्यातल्या झडीचा आहे, कालच्या पावसाचा नाही.

खात्री करायची असेल तर एक सोपी युक्ती आहे. डाग असलेला पानाचा तुकडा आणि ओला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवा, सकाळी उजेडात धरून बघा. डागावर काळपट ऑलिव्ह रंगाची मखमली बुरशी धरली असेल तर टर्सिकम म्हणायला हरकत नाही. काहीच धरलं नाही, डाग तसाच कोरडा, तर मग दुसरीकडं शोधा.

दुसरा करपा म्हणजे मेडिस. ह्याचे डाग लहान, एक ते तीन सेंटिमीटरचे, कडा शिरांना समांतर त्यामुळं चौकोनी-लांबट दिसतात, आणि ह्याला उष्ण दमट हवा जास्त मानवते. दोन्ही करपे वेगवेगळ्या बुरशीचे, दोन्हींची प्रतिकारशक्ती वेगवेगळी. टर्सिकमला चांगली ठरलेली जात मेडिसला पण चालेल असं अजिबात गृहीत धरू नका.

तांबेरा ओळखायला सोपा, पानावरनं बोट फिरवा, विटकरी पावडर बोटाला लागली की झालं. पण त्यात पण दोन आहेत. साधा तांबेरा थंड हवेतला, फोड तपकिरी, पानाच्या दोन्ही बाजूंना. दुसरा पॉलिसोरा, तो गरम हवेतला, फोड बारीक, नारिंगी, दाट आणि जास्त करून पानाच्या वरच्याच अंगाला. शेजारच्या कर्नाटकात पॉलिसोरा चांगलाच मुरलेला आहे, आणि वाऱ्यावर उडणाऱ्या पावडरीला तालुका-जिल्हा काय कळत नाही. रोपं खुजी, पानं अरुंद आणि ताठ, पिवळट पट्टे आणि पहाटे पानाच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा, त्याचा इलाज बीजप्रक्रियेत आहे, उभ्या पिकात फार काही हाती लागत नाही.

आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, जिथं भात जास्त, तिथल्या लोकांनी एक वेगळंच तपासा. डाग पानावर सुरू न होता बुडाशी, पानाच्या म्यानावर, आडवे पट्टे पट्टे असा चढत वर येतोय का. तो पर्णकोष करपा, रायझोक्टोनिया बुरशीचा, आणि भातावरचा पर्णकोष करपा पण हीच बुरशी करते. म्हणून भाताच्या खाचरालगत, पाणी साचणाऱ्या रानात तो जोरात. ह्याला पक्की प्रतिकारक अशी जात आज तरी बाजारात मिळणार नाही, कोणी छातीठोक सांगत असेल तर हसून पुढं जा. निचरा करायचा आणि खालची दोन-तीन पानं म्यानासकट काढून रानाबाहेर टाकायची, ह्यात जास्त फायदा आहे.

आता जे रोगच नाहीत ते. कोवळ्या पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टा, तो जस्ताचा तुटवडा. खालच्या पानाच्या शेंड्याकडनं मधल्या शिरेला धरून आत घुसणारा पिवळेपणा नत्राचा. खालच्या पानाच्या कडा भाजल्यासारख्या, ते पालाश. पानावर पातळ पापुद्र्यागत चट्टे आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा, ती अमेरिकन लष्करी अळी, २०१८ ला कर्नाटकात सापडल्यापासून हिनं लोकांना इतकं घाबरवलंय की करप्याचा डाग बघून पण अळीचं औषध मारणारे आहेत. आणि आपल्या ऊसपट्ट्यातलं खास प्रकरण म्हणजे शेजारच्या रानात किंवा बांधावर मारलेलं तणनाशक. पॅराक्वाटचे थेंब वाऱ्यानं मक्यावर आले की पानावर गोल पांढुरके डाग पडतात, बघणाऱ्याला वाटतं रोग आला. ओळखायचं कसं, तर डाग बांधाकडच्या ओळींत जास्त आणि आत जाईल तसे कमी, आणि फवारणीनंतर निघालेलं नवीन पान एकदम स्वच्छ. रोग असता तर आठ-पंधरा दिवसांनी नवीन पानांवर पण सरकला असता.

हे सगळं झाल्यावर सुद्धा टर्सिकमच ठरला, तर पुढं वाचा, कारण आता जातीचा प्रश्न खरा सुरू होतोय.

पिशवीवरचं 'प्रतिकारक' म्हणजे नक्की किती

आपल्या लोकांची समजूत अशी की प्रतिकारक म्हणजे डागच येणार नाही. तसं नसतंय. मका संशोधनात जाती तपासताना १ ते ९ असे गुण देतात, १ म्हणजे जवळपास स्वच्छ, ९ म्हणजे पानांचा ८० टक्क्यांच्या वर भाग गेलेला. सरासरी ३ पर्यंत आली तर प्रतिकारक, ३ ते ५ मध्यम प्रतिकारक, ५ ते ७ मध्यम बळी पडणारी, त्याच्या वर कच्ची. म्हणजे 'मध्यम प्रतिकारक' जातीची खालची पानं चांगली करपलेली दिसली तरी ती नियमात बसते. मुद्दा असा की कणसाजवळची आणि त्याच्या वरची पानं दाणा भरेपर्यंत हिरवी राहिली का. दाणा भरायचं बहुतेक काम तीच पानं करतात. बुडाची चार पानं गेली म्हणून कंपनीला शिव्या द्यायचं कारण नाही.

ही तपासणी पण साधीसुधी नसते, रोग यायची वाट बघत बसत नाहीत. बुरशी ज्वारीच्या दाण्यांवर वाढवतात आणि ते दाणे मक्याच्या पोंग्यात टाकून मुद्दाम रोग आणतात, मग गुण देतात. अखिल भारतीय समन्वित मका प्रकल्प १९५७ पासून चालू आहे, देशातला अशा प्रकारचा पहिलाच, आणि त्याचं एक केंद्र आपल्या कोल्हापुरातच आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. करवीर, पंचगंगा, राजर्षी ही मक्याच्या जातींची नावं ऐकली की कळतंच मुळं कुठं आहेत ती. एवढं घराजवळ असताना आपण जातीची माहिती विचारतो मात्र दुकानाच्या काउंटरवर, ते पण जो माल संपवायचाय त्याच्या काउंटरवर, ह्याचं मला दर साली नवल वाटतं.

प्रतिकारशक्ती दोन तऱ्हेची असते, आणि दर साली परत येणाऱ्या करप्याचं अर्धं उत्तर इथं आहे. एक असते एका जनुकावर चालणारी. टर्सिकमसाठी एचटी१, एचटी२, एचटी३, एचटीएन अशी जनुकं माहीत आहेत. एचटी१ असलं तर डागाभोवती पिवळं पडतं आणि डागावर बुरशीचे बीजाणू फार कमी तयार होतात, म्हणजे डाग दिसतो पण पसरत नाही. एचटीएन असलं तर डाग यायलाच उशीर होतो. हे एचटीएन मेक्सिकोतल्या पेपिटिया नावाच्या गावरान मक्यातनं आलंय, आणि ते जनुक नेमकं कुठलं हे २०१५ मध्ये उलगडलं. दुसरी तऱ्हा असते बऱ्याच जनुकांची मिळून, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. ह्यात डाग येतात पण कमी येतात, लहान राहतात, उशिरा येतात.

आता एकाच जनुकावर उभी असलेली जात म्हणजे एकाच डावावर कुस्त्या मारणारा पैलवान. समोरच्याला त्या डावाची तोड सापडेपर्यंत मैदान त्याचंच, आणि सापडली की पुढची सगळी मैदानं गेली. अमेरिकेत असंच झालं, एचटी१ सगळीकडं वापरलं गेलं आणि सत्तरच्या दशकात त्याला न जुमानणारी बुरशीची नवी वाणं सापडायला लागली. म्हणून एखादी जात पहिल्या एक-दोन सालात लखलखीत स्वच्छ राहिली आणि नंतर एकदम कोसळली, तर बियाणं भेसळीचं होतं असा अर्थ लगेच काढू नका. थोडे थोडे डाग दाखवणारी पण दर साली तेवढ्यावरच थांबणारी जात मला जास्त भरवशाची वाटते, दिसायला भले ती जरा मळकट दिसू दे.

आणि एकाच जातीच्या मागं अख्खं गाव लागलं की काय होतंय त्याचं उदाहरण पण अमेरिकेतलंच, १९७० चं. तुरे काढायची मजुरी वाचावी म्हणून बियाणं कंपन्यांनी टी नावाचा नर-वंध्य पेशीद्रव्य असलेला, म्हणजे तुऱ्यात पराग न धरणारा मका वापरला, तिथल्या सुमारे ८५ टक्के क्षेत्रात तोच पसरला, आणि मेडिस करप्याच्या बुरशीचा एक प्रकार नेमका त्यावरच तुटून पडला. त्या एका हंगामात देशातलं साधारण १५ टक्के पीक गेलं. हायब्रीडं वेगवेगळ्या नावांची होती बरं का, पिशव्या वेगळ्या, आतलं पेशीद्रव्य एकच. आपल्याकडं सगळ्या शिवारात एकच जात लावायची फॅशन येते तेव्हा मला हे आठवतंय.

अजून एक, संकरित मक्याचा दाणा राखून किंवा बाजारातला खाद्याचा मका आणून पेरला आणि मग म्हणायचं जात कच्ची निघाली, हे चालणार नाही. संकरिताच्या पुढच्या पिढीत गुण फुटतात, एक ताट प्रतिकारक तर शेजारचं कच्चं. एकाच ओळीत असं चितरंगी दिसलं तर बियाणं कुठलं होतं ते आधी आठवा.

उशिरा तयार होणारी जात फसवते

हे लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून वेगळं सांगतोय. मक्याचं ताट फुलोऱ्यानंतर करप्याला जास्त बळी पडायला लागतं. त्यामुळं एकाच दिवशी पेरलेल्या दोन जाती शेजारी शेजारी बघितल्या तर लवकर येणारी आधी करपलेली दिसते आणि उशिरा येणारी हिरवीगार. बघणारा म्हणतो, ही प्रतिकारक. तसं नाही, तिचं वय व्हायचंय अजून. तुलना करायची तर तारखेनं करू नका, अवस्थेनं करा, दोन्हींचे रेशीम म्हणजे कणसाचे केस बाहेर पडल्यापासून तीन-चार आठवड्यांनी कणसाजवळच्या पानांची स्थिती काय. आणि लवकरची जात दाणा कडक होताना पिवळी-वाळकी होणारच, ते करप्याच्या खात्यावर लिहू नका.

ह्याचा उलटा फायदा पण आहे. करपा रेशीम पडायच्या आधीच वरच्या पानांवर पोचला तर ३० ते ५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न जाऊ शकतं, पण दाणा भरत आल्यावर पोचला तर नुकसान किरकोळ. म्हणजे जूनच्या पहिल्या पावसावर वेळेत पेरलेला मका बऱ्याचदा सुटतो आणि जुलैच्या मध्याला, आधीच्या पिकातनं रान मोकळं झाल्यावर पेरलेला त्याच जातीचा मका सापडतो. जात तीच, पिशवी तीच, शेजाऱ्याचा चांगला आणि तुमचा वाईट, कारण पेरणीत तीन आठवड्यांचा फरक.

रोग राहतो कुठं

टर्सिकमची बुरशी मक्याच्या वाळक्या पानांत, धाटांत तग धरून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात ओल मिळाली की तिथनंच बीजाणू सोडते. म्हणून ज्या रानात मक्यावर मका आहे आणि मागची धाटं बांधावर किंवा रानातच पडलेली आहेत तिथं तुम्ही कसलीही जात आणा, तिला पहिल्या पंधरवड्यापासून मारा खावा लागतोय. मध्यम प्रतिकारक जात हलका रोग सोसू शकते, एवढा नाही. धाटं रोटाव्हेटरनं बारीक करून मातीआड करायची, एक हंगाम भुईमूग, सोयाबीन, काय पण दुसरं घ्यायचं, मक्याच्या वाळल्या वैरणीचं बुचाड मक्याच्या रानाच्या वाऱ्याच्या बाजूला रचायचं नाही. मुरघासासाठी मका करणाऱ्यांचा इथं आपोआप फायदा होतो, सगळं ताटच उचलून नेल्यामुळं रानात फारसं काही राहत नाही.

तांबेऱ्याचं गणित मात्र पूर्ण वेगळं. तांबेऱ्याला जिवंत पान लागतं, वाळलेल्या धाटात तो टिकत नाही. मग तो साल काढतो कुठं? गोठ्यामागं. आपल्याकडं घरोघरी जनावरं, दूध डेअरीला जातंय, त्यामुळं दोन-चार गुंठे वैरणीची मका बाराही महिने उभी असते, एक कापायला आली की दुसरी उगवलेली. दाट पेरलेली, हवा न खेळणारी, भरपूर युरिया दिलेली. आफ्रिकन टॉल ही वैरणीची जात असो नाहीतर खाद्याचा दाणा असो, ती फुलोऱ्यात-दुधात कापायची असल्यामुळं तिच्यावरच्या डागांकडं कोण बघत नाही, आणि बरोबर आहे, वैरणीचं त्यात फार बिघडत पण नाही. पण धान्याच्या मक्याचं रान तिथनं शंभर पावलांवर असेल तर तुम्ही रोगाला स्वतःच्या खर्चानं सांभाळताय. वैरण बंद करा असं म्हणणार नाही, ते म्हणणाऱ्याच्या घरी म्हैस नसणार. धान्याचा मका पेरायच्या आधी जुना वैरणीचा तुकडा कापून संपवा आणि मधे काही दिवस कडवळ, नेपिअर असलं काही चालवा. ज्वारीवर पण टर्सिकम येतो, पण ज्वारीवरचा प्रकार बहुतेक ज्वारीलाच धरून असतो, मक्याला त्यापासून फार धोका नसतो.

रानातल्या जागेचा पण प्रभाव असतोय. उंच आडसाली उसाच्या सावलीतल्या मक्याच्या ओळी बघा, सकाळी दहा वाजले तरी पानं ओली. पंचगंगा, वारणा, कृष्णेच्या काठाला रब्बीत धुकं आणि दव, तिथं पावसाळा संपल्यावर पण पान रात्रभर भिजतंय. अशा जागी ७५ बाय २० सेंटिमीटरचं अंतर सोडून दाट करणं म्हणजे आमंत्रणच. खताचं पण बघा, शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश अशी आहे, आणि आपल्यातले बरेच जण पहिल्या आकड्यावरच थांबतात. पालाश कमी पडलेल्या मक्यावर करपा जास्त चढतो.

जात ठरवायची तर आपल्याच रानात

पुढच्या खरिपासाठी एक करा. एकच जात सगळीकडं लावायच्या ऐवजी तीन-चार जातींचे गुंठा-गुंठाभर पट्टे मुख्य पिकाच्या मधोमध घाला, काठाला नको, उसाच्या सावलीत तर नकोच. त्यात एक पट्टा अशा जातीचा ठेवा जी तुमच्याकडं दर साली करपते हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. ती करपली नाही तर यंदा रोगच आला नव्हता एवढंच कळलं, बाकीच्यांना प्रतिकारक म्हणायचं नाही. ह्या पट्ट्यांवर बुरशीनाशक मारायचं नाही, नाहीतर तुम्ही जात तपासत नाही, औषध तपासताय. रेशीम पडल्यावर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक पट्ट्यातली मधली दहा-वीस ताटं बघून कणसाजवळच्या पानाचा किती भाग गेला ते वहीत लिहा, फोटो काढा, आणि शेवटी कणसं वेगळी मोडून वजन करा. कारण काही जाती करपून पण वजन देतात आणि काही हिरव्यागार उभ्या राहून कणसात काही भरत नाहीत. बैलाला काय, ट्रॅक्टरला काय, रिकामं कणीस वाहून नेण्यात मजा नाही.

दुकानात गेल्यावर 'करप्याला चालते का' असं विचारू नका, कोण नाही म्हणणार? टर्सिकमला कशी, तांबेऱ्याला कशी, किती दिवसांची, आणि आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात कुणाच्या रानात उभी होती ते विचारा. रब्बीतलं प्लॉट दाखवून खरिपाची जात विकली जाते, आणि रब्बीत, कोरड्या रानात, कच्ची जात पण राजासारखी दिसते.

उभ्या पिकाला आता काय

जे पीक आज रानात आहे त्याचं सांगतो. आधी अवस्था बघा. दाणा दुधातनं पिठात गेला असेल तर औषधाचे पैसे खिशात ठेवा. तुरा यायच्या सुमाराला निम्म्या ताटांवर कणसाच्या खालच्या तिसऱ्या पानापर्यंत किंवा त्याच्या वर डाग पोचले असतील आणि झड चालू असेल, तर फवारणीला अर्थ आहे. डाग नुसते बुडाला असताना प्रतिबंधक म्हणून मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला अडीच ग्रॅम. पण ते पानावर बसणारं आहे, आत शिरत नाही, आपल्या पावसात धुवून जातं, त्यामुळं उघडीप बघून आणि स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रावण, घालून. रोग वर सरकायला लागला असेल तर आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारं, ॲझॉक्सिस्ट्रोबिन १८.२ टक्के अधिक डायफेनोकोनॅझोल ११.४ टक्के हे मिश्रण, लिटरला एक मिली. झालेले डाग कुठल्याच औषधानं बरे होत नाहीत, वरची पानं वाचवायची असतात, म्हणून फवारा कणसाजवळ आणि वर पोचला पाहिजे. उंच मक्यात पाठीवरच्या पंपानं ते किती पोचतंय हे ज्यानं मारलंय त्यालाच ठाऊक, तोंड-नाक झाकून मारा.

स्वीट कॉर्नवाल्यांनी आणि हिरवी ताटं जनावराला घालणाऱ्यांनी डब्यावरचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि काढणी ह्यांच्यामधे किती दिवस सोडायचे ते, वाचल्याशिवाय पंप उचलायचा नाही. स्वीट कॉर्न तर दुधातच तोडायचं असतंय, मग बऱ्याच वेळा न मारणंच परवडतं.

आणि तरी ओळख पटत नसेल तर कणेरी किंवा तळसंद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात नमुना घेऊन जा. एक पान बुडाचं, एक कणसाजवळचं, डागाच्या कडेचा हिरवा भाग सोबत असलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये नको, वाटेत कुजतं. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल फाडून न टाकता बरोबर न्या, आणि पेरणीची तारीख, आधीचं पीक कुठलं होतं, शेजारी काय उभं आहे आणि गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही किंवा शेजाऱ्यानं काय काय फवारलंय ते कागदावर लिहून न्या.